डावीकडे ओढणारा डोझर

वाचकाचं पत्र: "वडील गेले आणि त्यांचा क्रॉलर डोझर व ट्रॅक लोडर माझ्याकडे आले. डोझर 1960च्या दशकातला, पेट्रोलवरचं छोटं स्टार्टिंग इंजिन असलेला. लोडर त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी नवा. चालवायला मी वडिलांच्या शेजारी उभं राहून शिकलो, पण दुरुस्ती सगळी त्यांचीच. आता ब्लेडपुढं माती भरली की डोझर डावीकडे ओढतो. रिकामा असताना सरळ जातो. मागच्या आठवड्यात उतारावर डावा लिव्हर ओढला तर तो चक्क उजवीकडे वळला. तेव्हापासून मी त्यावर बसलेलो नाही. ट्रॅक सैल दिसतात. सकाळी पांढरा धूर येतो आणि काही मिनिटांत जातो, जोर पडला की काळा येतो. एक मिस्त्री म्हणतात, इंजिन खोलून पूर्ण ओव्हरहॉल करा. दुसरे म्हणतात, ट्रॅक चांगले ताणा आणि डावा क्लच बदला. लोडरच्या पुढच्या रोलरमधून तेल गळतं. सुरुवात कुठून करू? की दोन्ही भंगारात काढू?"

तुम्ही खाली उतरलात आणि परत चढला नाहीत, हे फार चांगलं केलंत. म्हणून उत्तराची सुरुवात उतारापासूनच करतो. तुमच्या यादीतली ही गोष्ट बिघाड नाही, आणि जीव घेऊ शकेल अशीही तीच आहे.

तुमच्या डोझरला दोन्ही बाजूंना एकेक स्टिअरिंग क्लच आणि एकेक ब्रेक आहे. डावा लिव्हर ओढला की डाव्या ट्रॅकची (चाकांऐवजी फिरणाऱ्या पोलादी पट्ट्याची) इंजिनाशी असलेली सांगड सुटते. सपाटीवर किंवा माती ढकलताना इंजिन मशीनला पुढं ओढत असतं, त्यामुळं सांगड सुटलेला डावा ट्रॅक मागं पडतो आणि डोझर डावीकडे वळतो. रिकाम्या ब्लेडनं उतार उतरताना हे सगळं उलटं होतं. तिथं वजन मशीनला खाली खेचतं आणि इंजिन त्याला मागं धरून ठेवतं. अशा वेळी डावा लिव्हर ओढला की डावा ट्रॅक मोकळा सुटून पुढं पळतो, उजवा मात्र इंजिनानं रोखलेला असतो. डोझर उजवीकडे वळणारच. या पद्धतीचं कोणतंही मशीन असंच वागतं, अगदी कारखान्यातून नवं आलं तरी.

उतारावर हलकं वळण हवं असेल तर उलट बाजूचा लिव्हर ओढायचा. ठाम वळण हवं असेल तर त्याच बाजूचा लिव्हर आणि ब्रेक एकाच वेळी, नुसता लिव्हर कधीच नाही. खालच्या गिअरमध्ये, ब्लेड जमिनीलगत ठेवून, होईल तितकं सरळ उतरायचं आणि उतारावर गिअर न्यूट्रलला न्यायचा नाही. वडिलांच्या हाताला हे इतकं अंगवळणी पडलेलं असणार की वेगळं सांगावं असं त्यांना कधी वाटलंच नसेल. तुम्ही ते थोड्या उतारावर, समोर मोकळी जागा ठेवून, दहा-वीस वेळा करून हातात बसवा. पण आधी दोन्ही ब्रेक तपासून घ्या.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे "रिकामा असताना सरळ जातो". डावा ब्रेक घासत असता तर डोझर रिकामा असतानाही ओढला असता. भार आल्यावरच ओढतो, म्हणजे डावा क्लच भाराखाली घसरतोय. इथवर तुमचे दुसरे मिस्त्री बरोबर आहेत. पण घसरणारा क्लच दर वेळी झिजलेलाच असतो असं नाही. कारणं तीन असतात, आणि ती स्वस्तापासून महागाकडे तपासत जायची.

पहिलं कारण लिव्हरचं मोकळं अंतर. लिव्हर हलवायला लागल्यापासून क्लच सुटायला लागेपर्यंत ठरावीक ढिलेपणा असावा लागतो. प्लेटा झिजत जातात तसा तो कमी होतो, आणि पार संपला की लिव्हर न ओढताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. किती अंतर हवं ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. एका पान्यानं तासाभरात होणारं काम आहे हे, आणि पुष्कळदा डावीकडचं ओढणं एवढ्यावरच थांबतं.

दुसरं कारण तेल. त्या काळातल्या बहुतेक डोझरचे स्टिअरिंग क्लच कोरडे असतात. काही मशीनमध्ये ते तेलात चालतात, म्हणून आधी पुस्तकात खात्री करा. क्लच कोरडा असेल तर त्याच्या कप्प्याच्या तळाचा प्लग काढा. तेलाची धार लागली, तर मधल्या बेव्हल गिअरच्या कप्प्याकडचं किंवा फायनल ड्राइव्हकडचं (ट्रॅक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीकडचं) सील गेलंय आणि क्लचच्या प्लेटा तेलानं माखल्यात. तेल काढून टाकून कप्पा रॉकेलनं धुवायची जुनी पद्धत आहे. प्लग लावायचा, रॉकेल घालायचं, सपाटीवर हळू चालवत लिव्हर पुन्हा पुन्हा ओढायचा-सोडायचा, मग रॉकेल काढून कप्पा पूर्ण सुकू द्यायचा. पेट्रोल यासाठी कधीही वापरू नका. धुतल्यावर क्लच पुन्हा धरू लागला तर प्लेटा जिवंत आहेत आणि काम फक्त सीलचं आहे. सील न बदलता नुसतं धूत राहिलात तर मात्र काही दिवसांनी पुन्हा तेच.

या दोन्हींत काही सापडलं नाही, तर तिसरं कारण, झिजलेल्या प्लेटा. तेव्हाच क्लच बाहेर काढायचा. त्या वेळी एक गोष्ट कटाक्षानं पाळा. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. कप्प्यातली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि नाका-तोंडावर चांगला मास्क लावायचा. ही धूळ फुप्फुसात गेली तर त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो, म्हणूनच हयगय होते.

आता ट्रॅक. "चांगले ताणा" हा सल्ला मी आयुष्यात अनेकदा ऐकला आणि तरुणपणी एकदा मानलाही. एका जुन्या डोझरची चेन, म्हणजे ट्रॅकची साखळी, लोंबती दिसली म्हणून मी ती तारेसारखी ताठ केली. मालक खूश झाले. पुढच्या हंगामात स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झाले आणि बुशवर (चेनच्या पिनांभोवतीच्या नळ्यांवर) खाचा पडल्या. ताठ चेनमध्ये प्रत्येक पिन, बुश, दात आणि आयडलर (ट्रॅकच्या पुढच्या टोकाचं मोकळं चाक) सतत दाबाखाली फिरतो, आणि इंजिनाचा काही जोर नुसती चेन फिरवण्यातच जातो. ट्रॅकला झोळ लागतोच. तो किती, हे डोळ्यानं ठरवायचं नसतं.

मशीन सपाटीवर थोडं पुढं नेऊन ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या. आयडलर आणि वरचा कॅरिअर रोलर यांच्या मधल्या शूंच्या (चेनवर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या) टोकांवर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून सगळ्यात खोल शूपर्यंतचं अंतर मोजा. मध्यम आकाराच्या बऱ्याच मशीनना ते 25 ते 50 मिलिमीटरच्या दरम्यान हवं असतं. नेमका आकडा पुस्तकातला घ्या. मशीन चिखलात काम करत असेल तर ट्रॅक धुऊन नव्हे, चिखल भरलेला असतानाच मोजून झोळ ठेवायचा. चिखल स्प्रॉकेटमध्ये दाबून बसतो आणि चेन आपोआप ताठ होते, म्हणून धुऊन बरोबर केलेला ट्रॅक कामावर गेल्यावर जास्तच ताणला जातो.

ट्रॅक ॲडजस्टरला, म्हणजे ट्रॅक ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या भागाला, हात लावण्यापूर्वी पुढचे दोन परिच्छेद दोनदा वाचा.

ग्रीसचा ॲडजस्टर असेल तर आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. ट्रॅक सैल करायला रिलीफ व्हॉल्व्ह एक फेरी सोडायचा, त्याहून जास्त नाही, आणि तोंड, हात किंवा छाती कधीही त्याच्या समोर ठेवायची नाही. त्या दाबानं सुटलेलं ग्रीस कातडी भेदून आत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली, तरी त्याच क्षणी रुग्णालयात जायचं आणि "दाबाखालचं ग्रीस आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. हायड्रॉलिक तेलाचंही हेच. होजची बारीक गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, हात नाही.

ॲडजस्टरच्या मागं ट्रॅकचे धक्के झेलणारी रिकॉइल स्प्रिंग असते, काही टनांच्या जोरानं दाबून बसवलेली. ती खोलायला खास साधन आणि तेच काम करणारा माणूस लागतो. ग्रीस भरूनही ट्रॅक ताणत नसेल तर बहुतेक ॲडजस्टरचं सील गेलेलं असतं. पण आतला दांडा किंवा स्प्रिंगच तुटलीय अशी शंका असेल तर एकही बोल्ट सोडू नका. बाहेरून तडा दिसला तरीही नाही. ती स्प्रिंग सुटून माणसं मेलेली आहेत. घरच्या अंगणात करायचं हे काम नाही.

झोळ जमला, तरी तुमचा खरा प्रश्न उरतोच: चेन किती उरलीय? क्रॉलर मशीनच्या देखभालीचा जवळजवळ निम्मा खर्च त्याच्या खालच्या भागावर होतो. तुमच्या दोन्ही मशीनचं भवितव्य इथंच ठरणार आहे, धुराड्यात नाही. त्यासाठी मोठा व्हर्निअर कॅलिपर, पोलादी टेप आणि अर्धा दिवस पुरे. स्प्रॉकेट आणि चेनमध्ये जुनी पिन अडकवून मशीन हळूच रिव्हर्स घ्या म्हणजे वरची चेन ताठ होईल. मशीन बंद करा, मास्टर पिन (जिथून चेन उघडतात ती) टाळून एका पिनेच्या कडेपासून, ती पहिली धरून, पाचव्या पिनेच्या त्याच कडेपर्यंत मोजा. हे चेनच्या चार कड्यांचं (लिंकांचं) अंतर. ते नव्या चेनच्या आकड्यापेक्षा जितकं जास्त, तितक्या पिना आणि बुश आतून झिजलेले. मग बुशचा बाहेरचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, कड्यांची उंची मोजा, शूंचे दाते मोजा. चारही आकडे पुस्तकातल्या झीज-तक्त्याशी ताडून बघा.

या मोजण्यात एक संधी दडलेली असते, आणि वेळेवर मोजलं तरच ती मिळते. बुश बाहेरून एकाच बाजूनं झिजतो, दात जिथं दाबतो तिथं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत झिजला की चेन काढून पिना आणि बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबून बसवता येतात. दाताला कोरी बाजू मिळते आणि चेनला दुसरं आयुष्य. पण बुशवर कडक केलेल्या पोलादाचा थर ठरावीक जाडीचाच असतो. तो संपून आतलं मऊ पोलाद लागलं की बुश झपाट्यानं झिजतो, चिरतो, आणि मग फिरवण्यात काही अर्थ राहत नाही. तेव्हा नवी चेन आणि नवं स्प्रॉकेट, दोन्ही एकदमच. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे नव्या चेनचं वाटोळं करणं, कारण स्प्रॉकेटच्या दातांचं आणि चेनच्या बुशांचं अंतर जुळतच नाही. जे म्हणतात "आत्ता फक्त चेन टाकू, स्प्रॉकेट पुढच्या वर्षी", त्यांचं ऐकू नका.

बुश सगळ्यात जास्त खाते ती रिव्हर्स, त्यातही वेगानं घेतलेली. म्हणून मागं येताना खालचा गिअर ठेवा आणि माती ढकलायच्या फेऱ्या अशा आखा की लांबच लांब मागं यावं लागणार नाही. वळणं दोन्ही बाजूंना सारखी घ्या. शू जमिनीला पुरेल तितकाच अरुंद ठेवा. रुंद शू कडक जमिनीवर पिनांना पिळतो आणि बोल्ट ढिले करतो. शूचे बोल्ट ढिले राहिले तर भोकं लांबट होतात आणि मग कडीच बदलावी लागते. ते आवळण्याची पद्धत पुस्तकातली घ्या. तिथं सहसा आधी ठरावीक टॉर्क आणि मग आणखी एक तृतीयांश फेरी असं दिलेलं असतं.

मास्टर पिन काढायची वेळ आली तर प्रेस वापरा. कडक पोलादावर घण बसला की त्याची ठिकरी गोळीसारखी उडते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हेल्परचा डावा डोळा असाच गेला. घण माझ्या हातात होता. चष्मा माझ्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता. तेव्हापासून बघ्यांनाही चष्मा दिल्याशिवाय मी पिनेला हात लावत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते मला मरणपंथाला लागलेलं वाटत नाही. थंड असताना पांढरा धूर येऊन काही मिनिटांत जाणं हे या वयाच्या डिझेलला शोभणारं आहे. भाराखालचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. एअर क्लीनर बघा, तेलाच्या बाउलचा असेल तर तो धुवा, आणि क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप बोटांनी चाचपून बघा. तिथं चीर असेल तर धूळ थेट लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) जाते आणि चांगलं इंजिन काही दिवसांत संपतं. मग डिझेल फवारणारी नोझल तपासून घ्या.

ओव्हरहॉलचा निर्णय तीन गोष्टींवर घ्या: इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब किती उरतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किती फुंकर येते, आणि दर शिफ्टला किती ऑइल घालावं लागतं. शिवाय इंजिन रात्रभर थंड ठेवून सकाळी संपचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा) प्लग अगदी हळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असतं, आत असेल तर पहिले थेंब त्याचेच येतील. तसं दिसलं तर मात्र मिस्त्रींना बोलवा, गॅस्केट किंवा लायनर बघावाच लागेल. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालत असाल तर थांबवा. योग्य कूलंट नसेल तर लायनरच्या पाण्याकडच्या बाजूला बारीक खड्डे पडत जाऊन शेवटी आरपार भोक होतं.

स्टार्टिंग इंजिनबद्दल तुम्हाला कुणी तरी नक्की सांगेल: काढून टाका, बॅटरीचा स्टार्टर बसवा. मी म्हणेन, ते चालू आहे तोवर ठेवा. ते डिझेल इंजिनाला इंधन न देता हवा तितका वेळ फिरवतं, ऑइलचा दाब काट्यावर दिसू लागेपर्यंत. अशा बऱ्याच मशीनमध्ये दोघांचं पाणी एकच असतं, त्यामुळं मोठं इंजिन सुरू होण्याआधीच कोमट होतं. साठ वर्षांच्या बेअरिंगला याहून चांगली वागणूक दुसरी नाही. एवढंच करा की काम झालं की त्याचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यायचं. नाही तर फ्लोटमधून पेट्रोल झिरपून त्याच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय ते सुरू करू नका.

लोडरचा गळका रोलर बदलावा लागेल. आतलं तेल गेलं की तो थोड्याच दिवसांत जाम होतो आणि फिरायचा थांबला की एका बाजूनं सपाट घासतो. पुढचाच रोलर जाणं स्वाभाविक आहे, कारण भरलेल्या बकेटचं वजन पुढच्या रोलरांवर आणि आयडलरवर येतं. नवा घेताना जुन्याला एका बाजूनं कडा आहेत की दोन्ही बाजूंनी, ते बघा. दोन्ही प्रकार ठरलेल्या जागीच बसतात. बकेटच्या आणि लिफ्ट आर्मच्या पिनांना रोज ग्रीस द्या, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आर्म वर असताना खाली जायचंच असेल तर पोलादी टेकू लावल्याशिवाय नाही, हायड्रॉलिकच्या भरवशावर तर कधीच नाही. वेल्डिंग करावं लागलं तर बॅटरीची तार काढा आणि अर्थिंगची तार वेल्डच्या अगदी जवळ लावा. मधल्या बेअरिंगमधून करंट गेला तर ती खराब होते.

दोन्ही मशीनचे पोटाखालचे पत्रे काढून आतला तेलकट कचरा खरवडून टाका, हे मी विसरणार होतो. जुनी मशीन जळतात ती बहुतेक वेळा अशाच कचऱ्यानं.

तेव्हा या आठवड्यात मशीनचा सिरियल नंबर आणि त्याचा पुढचा प्रीफिक्स उतरवून घ्या आणि त्याच प्रीफिक्सचं सर्व्हिस पुस्तक व पार्ट्स पुस्तक मिळवा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षांनुसार भाग बदललेले असतात. मग लिव्हरचं अंतर आणि क्लचचा प्लग. मग ट्रॅकची मापं, दोन्ही मशीनची. फायनल ड्राइव्हचं ऑइल आणि त्यातला लोखंडी कीस त्याच दिवशी बघून घ्या. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. बुश फिरवण्याजोगे निघाले तर माझ्या मते डोझर ठेवावा आणि पहिला पैसा तिथं घालावा. चेन, स्प्रॉकेट, रोलर सगळंच संपलेलं निघालं, तर तो आकडा समोर ठेवून, तुमच्याकडे वर्षाला किती तास काम आहे ते बघून ठरवा. तसं निघालं तर विकायला किंवा भंगारात काढायला वाईट वाटून घेऊ नका. वडिलांनी ते मशीन कामासाठीच घेतलं होतं.

मापं घेतल्यावर मला पुन्हा लिहा: चार कड्यांचं अंतर, बुशचा सगळ्यात बारीक व्यास, आणि डावीकडचा प्लग काढल्यावर तेल किती निघालं. क्लच बाहेर काढण्याआधी लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.